कंडेन्सर ऐकण्याचे दिवस

दादा लष्करातून घरी आला तेव्हा त्याच्या लोखंडी पेटीत कपडे थोडेच होते. बाकी सगळी पेटी तारा, कॉइली आणि कंडेन्सरनी भरलेली होती. आईनं पेटी उघडली ती कपडे धुवायला काढावेत म्हणून, आणि तिच्या हाताला लागला बिस्किटांचा एक डबा. त्यात शेकडो बारक्या वस्तू होत्या. काही बदामी रंगाच्या चपट्या टिकल्या, प्रत्येकीला तारेचे दोन पाय. काही मेणात बुडवून काढलेल्या कांड्या. काही काचेसारख्या, आत चांदीचा कागद गुंडाळल्यागत. "हे काय रं संपत, औषधं हायती का काय?" तिनं विचारलं. दादा पाठमोरा बसून बूट काढत होता. त्यानं उत्तर दिलं नाही. आईनं पुन्हा विचारलं, तरी तो वळला नाही. पत्रात त्यानं 'कानाला थोडं लागलंय' एवढंच लिहिलं होतं. ते थोडं नव्हतं, हे आम्हा दोघींना त्या क्षणी कळलं. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि डब्याचं झाकण हळूच लावून टाकलं.

आमचं घर आष्ट्यात, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. पुढं सोपा, मध्ये माजघर, मागं चूल आणि परडं. भिंतीला लागूनच पिठाची गिरणी होती, त्यामुळं सकाळी नऊपासून आमच्या घराला एक धपधप असायची आणि सगळ्या वस्तूंवर पांढरी धूळ बसायची. वडील, म्हणजे आबा, दिवसभर मळ्यात असत. आई सकाळी भाकऱ्या थापायला बसली की तिच्या बांगड्या आणि परातीचा आवाज एका लयीत चाले. हुलग्याचं माडगं चुलीवर रटरटत असे. दादाला गिरणीची धपधप नीट ऐकू येई, माडग्याचं रटरटणंही एखाद वेळी येई, पण बांगड्या येत नसत. चिमण्या येत नसत. बोलण्यातले स, श, च त्याच्यापर्यंत पोचत नसत. माझं नाव शालन. एकदा त्यानं मला सांगितलं, तेही हसत, की त्याला ते 'आलन' असं ऐकू येतं. गोळा जवळ पडला होता, एवढंच तो बोलला. त्याच्या बिनतारी संदेशाच्या तुकडीतली बाकीची माणसं कुठं होती, हे त्यानं कधीच सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. लष्कराच्या वैद्यकीय बोर्डानं त्याला पेन्शन देऊन घरी पाठवलं तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि मी एकोणीसची.

घरात एक नियम आपोआप झाला, आणि तो आईनं केला. दादासमोर कानाचं नाव काढायचं नाही, आणि बाहेर तर मुळीच नाही. मलकापूरच्या एका घरातून त्याच्यासाठी विचारणा झाली होती. मुलगी शिकलेली होती, घर बागायती होतं. आई मला परड्यात नेऊन म्हणाली, "शाले, लगीन हुईस्तवर त्वांड मिटून ऱ्हा. एकदा पोरगी घरात आली की मग सांगू काय ते. आत्ता कुणाला कळलं तर कोण दील माझ्या लेकाला?" मी मान डोलावली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपण त्याच्यावर माया करतो म्हणून गप्प बसतो, असंच मला वाटत होतं.

दादानं सोप्यात टेबल मांडलं आणि रेडिओ दुरुस्त करायला लागला. गावात तेव्हा रेडिओ आणि ट्रान्झिस्टर बरेच झाले होते आणि बिघडले की सांगलीला न्यावे लागत. रेडिओ दुरुस्तीला कान फारसे लागत नाहीत, मीटर लागतो. दादा काट्याकडं बघून सांगे, इथं वीज पोचते, इथं नाही. राळेचा वास आणि सोल्डरचा निळा धूर सोप्यात भरून राही. मी अकरावी होऊन घरात बसले होते. आधी मी नुसती दिवा धरायची, मग तारा सोलायला लागले, मग रंगांच्या पट्ट्या वाचायला. कंडेन्सर म्हणजे काय असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "चाळण म्हण. सरळ चालणारी वीज ह्यो अडिवतो, हालती वीज पलीकडं जाऊ देतो. आवाज म्हंजे हालती वीजच की. बारक्या मापाचा कंडेन्सर असला तर पातळ आवाज तेवढा जातो, मोठा असला तर जाड बी जातो." मग डब्यातल्या टिकल्यांवरून बोट फिरवत म्हणाला, "कसला बी घाल. कंडेन्सर तो कंडेन्सर." पुढं हेच वाक्य आम्हाला महागात पडलं.

मिरजेचा डॅनियल आमच्याकडं आला तो एका मंगळवारी. सांगलीतल्या एका ऑर्केस्ट्रात तो गिटार वाजवायचा. उंच, हाडकुळा, बोलताना हात हलवणारा माणूस. दादाचं नाव त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मुंबईच्या नातेवाइकाकडं त्यानं एक विलायती तबकडी ऐकली होती, आणि तिच्यातल्या गिटारचा आवाज त्याला झोपू देत नव्हता. तो आमच्या सोप्यात उभा राहून तोंडानं तो आवाज काढायला लागला, "ऊ... आ... ऊ... आ...", माणूस कण्हावा तसा. आई चुलीपासून उठून दाराशी आली. "गिटार बोलते हो दादा," डॅनियल म्हणाला. "पायाखाली एक पेडल असतं. पुढं दाबलं की आवाज तोंड उघडतो, मागं घेतलं की मिटतो. आपल्याकडं कुणाकडंच नाही." त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. मासिकातून हातानं उतरवून घेतलेली ती आकृती होती. दादानं ती उजेडाकडं धरून बराच वेळ पाहिली. आल्यापासून मी त्याच्या चेहऱ्यावर तसं काही पाहिलं नव्हतं. रेडिओ दुरुस्त करताना तो नुसता काम करत असे. त्या कागदाकडं मात्र तो घरची खुशाली कळवणारं पत्र वाचावं तसं बघत होता. "करतो," तो म्हणाला. जमलं तर ऑर्केस्ट्राचं सगळं ध्वनीचं काम तुमच्याकडंच, असं डॅनियल सांगून गेला.

पेडल आम्ही बाभळीच्या फळीचं केलं. दाराच्या बिजागऱ्या लावल्या, आणि फळी दाबली की आवाजाचं बटण फिरावं म्हणून रेडिओच्या काट्याला असते तसली दोरी गुंडाळली. गिटार घरात नव्हती, तेव्हा दादानं एका पाटावर दोन खिळे मारून त्यावर सतारीची पोलादी तार ताणली आणि खाली जुन्या हेडफोनची कॉइल बसवली. तार छेडली की कोपऱ्यातल्या स्पीकरमधून आवाज यायचा. चार दिवसांत आकृतीप्रमाणं सगळं जोडून झालं. दादानं फळीवर पाय ठेवला, मी तार छेडली, आणि सोप्यात खरोखर कुणीतरी 'ऊ... आ...' म्हटलं. माझ्या अंगावर काटा आला. पण दादाच्या कपाळाला आठी पडली. "उघडत न्हाई," तो म्हणाला. "आवाज वर जातच न्हाई. कोंडलाय."

तो वर जात होता. मला चांगला ऐकू येत होता. जिथून पुढं आवाज उघडत होता, तिथंच दादाचे कान संपत होते. हे मला तेव्हाच कळलं होतं आणि मी बोलले नाही. त्यानं आवाजाची जागा ठरवणारा कंडेन्सर काढला आणि त्याहून बारका घातला, डब्यातल्या त्या बदामी टिकल्यांपैकी. मग आणखी बारका. आवाज चढत चढत किंचाळायला लागला. पत्र्यावरून खिळा ओढावा तसा. शिवाय त्या टिकल्यांची एक खोड होती. फळीवर पाय पडला की तो धक्का त्या पकडत आणि स्पीकरमधून 'टक्' असा आवाज येई. तोही दादाला ऐकू येत नव्हता. माजघरातून आई बघत होती. तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली होती. माझी आणि तिची नजर भेटली तेव्हा तिनं मान हलवली, नको म्हणून. "आता उघडला का न्हाई?" दादानं विचारलं. त्याच्या डोळ्यांत लहान पोरासारखा आनंद होता. मी म्हणाले, "व्हय दादा. लय झ्याक झालंय."

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले असेन, प्रत्येक माणूस बोलतो. पण ते पाच शब्द माझ्या तोंडातून कसे निघाले, ते आजही मला जसेच्या तसे ऐकू येतात.

रविवारी दुपारी आम्ही पेडल घेऊन सांगलीला गेलो. मी सोबत असायची ती सामान धरायला, असं घरात म्हटलं जाई. खरं तर एसटीचा कंडक्टर काय म्हणतो ते दादाला कळत नसे म्हणून. ऑर्केस्ट्राची तालीम एका शाळेच्या सभागृहात चाले. दहाबारा माणसं होती. डॅनियलनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, त्यामुळं ती गोळा होऊन उभी राहिली. त्यानं गिटार जोडली, पाय ठेवला आणि वाजवलं.

अकॉर्डियनवाल्यानं दोन्ही कानांत बोटं घातली. कुणीतरी 'आई गं' म्हणालं. प्रत्येक वेळी पाय पडला की टक्, टक्. डॅनियलनं चिकाटीनं अर्धं गाणं वाजवलं, बहुधा दादाच्या मानासाठी. दादा भिंतीशी उभा होता आणि हसत होता. मग त्यानं एकेकाचे चेहरे पाहायला सुरुवात केली. हसू ओठांवर तसंच राहिलं, पण डोळे बदलले. त्याच्या मागं उभा असलेला एक ढोलकवाला शेजाऱ्याला म्हणाला, "बहिरा हाय काय ह्यो?" आणि दोघं हसले. दादाला ते ऐकू आलं नाही. मला आलं. डॅनियल वाजवायचा थांबला, घाम पुसला आणि म्हणाला, "संपतदादा, जरा मऊ करता येईल का हो?" दादानं माझ्याकडं वळून विचारलं, "काय म्हंतोय?" मी म्हणाले, "जरा मऊ पायजे म्हंतोय." त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग वाकून पेडलच्या तारा काढल्या, गुंडाळल्या आणि पिशवीत ठेवल्या.

एसटीत आम्ही मागच्या बाकावर बसलो. कृष्णेचा पूल मागं पडला. मग त्यानं विचारलं, आणि कान गेलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नसल्यानं सगळ्या गाडीनं ऐकलं.

"घरी बी असंच किंचाळत व्हतं का?"

"व्हय."

"आन् तू झ्याक म्हणालीस."

"आई म्हणली..."

"आईचं ऱ्हाऊ दे. तू का न्हाई बोललीस?"

पुढच्या बाकावरची माणसं वळून बघत होती. दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "वायरलेसच्या सेटवर एक माणूस ऐकतो शाले, आन् धा माणसं त्याच्या भरवशावर चालत्यात. त्यानं ऐकलं एक आन् सांगितलं दुसरं, तर ती धा माणसं कुठं जात्यात, ठावं हाय?" तुकडीबद्दल तो त्याहून जास्त कधीच बोलला नाही. त्या वाक्याच्या मागं खरोखर काही घडलेलं होतं की नुसता संताप होता, ते मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही आणि आता विचारायला तो नाही.

पुढचे काही दिवस दादा टेबलापाशी बसला नाही. सकाळी आबांबरोबर मळ्यात जाई, दुपारी आमटीत भाकरी कुस्करून मुकाट्यानं जेवे आणि पुन्हा जाई. दुरुस्तीला आलेले रेडिओ भिंतीशी रांगेनं पडले, त्यांच्यावर गिरणीचं पीठ बसलं. आई दोनदा रडली. "माझ्यामुळं झालं," ती म्हणाली. मी तिची समजूत घातली नाही, कारण तिच्यामुळं झालं असलं तरी तोंड माझं होतं. शेवटी एके दिवशी सकाळी, कुणाला न सांगता, मी एकटीच सांगलीची एसटी धरली. त्याआधी मी कधी गावाबाहेर एकटी गेले नव्हते. हळदीच्या पेठेजवळ मगदूमकाकांचं रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान होतं. टोपी घातलेले, बारीक आवाजाचे जैन गृहस्थ. दादाबरोबर मी तिथं जात असे, पण माझ्याशी ते कधी बोलले नव्हते.

"काय पायजे पोरी? चिठ्ठी आणलीस का?" त्यांनी विचारलं.

"चिठ्ठी न्हाई काका. ह्या आकृतीत लिवलंय त्या एकाच मापाचं, पण जेवढ्या जातीचं कंडेन्सर असतील तेवढं सगळं एकेक द्या."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "एकाच मापाचं? कुणाला पायजे?"

"मला. ऐकून बघायचंत."

ते हसले नाहीत. त्यांनी खणांतून एकेक काढून काउंटरवर ठेवले आणि प्रत्येकाची कुळकथा सांगितली. कागदी कंडेन्सर जुना झाला की गळतो, अडवायची वीज थोडीथोडी पलीकडं सोडतो. चपटी टिकली, म्हणजे सिरॅमिक, स्वस्त आणि चिवट, पण उन्हात माप बदलते. स्टायरोफ्लेक्स, म्हणजे प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचा, स्वच्छ, पण डाख द्यायच्या गरम इस्त्रीजवळ नेला तर वितळतो. मायका, म्हणजे अभ्रकाचा, सगळ्यात इमानी, पण एवढ्या मापात मिळायचा कठीण. पॉलिस्टर मधला, अंगानं मोठा, स्वभावानं शांत. "आवाजाला कुठला चांगला?" मी विचारलं. "ते मला नको विचारू," ते म्हणाले. "मी विकतो. रेडिओवर बाजारभाव आन् बातम्या ऐकायच्या तर कुठला बी चालतो. तुझं काम निराळं दिसतंय. कानानं ठरव."

घरी येऊन मी आधी ती बारकी टिकली काढली आणि आकृतीत लिहिलेलं माप परत घातलं. मग एकेक जात जोडून बघायला बसले. एका हातानं तार छेडायची, पायानं फळी दाबायची. कागदी घातला तेव्हा बटण फिरताना खरखर व्हायला लागली. वीज गळते म्हणजे काय ते मला तेव्हा कानानं कळलं. स्टायरोफ्लेक्सला डाख देताना तो माझ्या डोळ्यांदेखत वाकडा होऊन वितळला. मी तो काढायच्या खटपटीत होते तेव्हा दारात सावली आली. दादा मळ्यातून लवकर परत आला होता. पायाला चिखल, डोक्याला टॉवेल. मी उठून उभी राहिले. तो टेबलापाशी आला, वितळलेला तुकडा उचलून पाहिला आणि म्हणाला, "चिमट्यानं पाय धरायचा. म्हंजे ऊब चिमट्यात जाती, कंडेन्सरात न्हाई." मग पाय धुवायला गेला, आणि येऊन माझ्या समोर बसला.

"बस," तो म्हणाला. "ऐक आन् सांग. पर जे ऐकू ईल तेच."

त्यानंतरचे दोनतीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात कठीण दिवस होते. दादा मला पाठ करून बसवी. मागं तो कंडेन्सर बदली, तार छेडी, पेडल दाबी आणि म्हणे, "काय फरक?" मला शब्द नव्हते. ते मी वहीत बनवत गेले. ओला, कोरडा, तोंडात खडे घेऊन बोलल्यागत, नाकातून, घोगरा, मोकळा. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्यानं बदलल्याची खटपट ऐकू आली आणि तार वाजली. मी म्हणाले, "आता लय मोकळा झाला." तो म्हणाला, "बदललाच न्हाई. हाय तोच हाय." मला शरमेनं मान वर करवेना. पण तो रागावला नव्हता. "कान बी खोटं बोलत्यात," तो म्हणाला. "त्यास्नी वाटतं आपल्याला काय तर कळलं पायजे. कळलं न्हाई तर कळलं न्हाई म्हणायचं." हल्ली शिकाऊ मुलं माझ्याकडं येऊन विचारतात, बाई, कुठल्या कंडेन्सरचा आवाज गोड? मी त्यांना आधी पाठ करून बसवते.

टिकलीबद्दल मात्र माझी चूक नव्हती. ती सकाळी बरी वाजे आणि दुपारी, सोप्याचा पत्रा तापला की, वेगळीच बोले. दादाला ते आधी पटलं नाही. मग त्यानं टिकली आणि पॉलिस्टर दोन्ही एकाच मापाचे घेतले, परड्यात उन्हात ठेवले आणि माप घ्यायचं यंत्र लावून काट्याकडं बघत बसला. टिकलीचा काटा सरकत गेला. पॉलिस्टरचा जवळजवळ जागेवर राहिला. दादानं मान वर केली. "तुझ्या कानाला जे कळलं ते काट्याला आत्ता कळलं," तो म्हणाला. पेन्सिलच्या टोकानं ठोकून बघितलं तर टिकली स्पीकरमधून टकटकत होती, पॉलिस्टर गप्प. शेवटी आवाजाची जागा ठरवणाऱ्या आणि त्याला पुढं वाट देणाऱ्या दोन्ही जागी आम्ही पॉलिस्टर घातले. एका ठिकाणी माप एवढं मोठं होतं की आत ओलं रसायन असलेल्या इलेक्ट्रोलिटिकशिवाय इलाज नव्हता. तिथं मगदूमकाकांकडून नवा आणला, कारण जुना आतून वाळलेला निघाला. वरचं टोक कुठं थांबवायचं हे मी सांगितलं. दादानं ते बदललं नाही. तो आवाज त्याला कोंडलेलाच वाटत असणार, पण तो एकदाही तसं म्हणाला नाही.

डॅनियलला निरोप धाडला. त्यानं तालमीत वाजवून पाहायला वेळ मागितला नाही. मलकापूरला एका लग्नात दुपारचा कार्यक्रम होता, तिथंच या म्हणाला. मलकापूर ऐकून आईचा चेहरा उतरला. ज्या घरातून विचारणा आली होती त्यांच्याच भावकीतलं ते लग्न होतं. "तिथं जास्त बोलू नगंस," तिनं दादाला खांद्याला धरून सांगितलं. "हसून मान हालवायची."

मे महिना होता. पत्र्याचा मांडव, खाली पाचसहाशे माणसं, जिलेबीचा आणि घामाचा वास. स्टेजवर हात टेकवत नव्हता इतकं लाकूड तापलेलं. मला मनातल्या मनात सारखी त्या टिकलीची आठवण येत होती. डॅनियलनं दुसऱ्या गाण्यात पेडलवर पाय ठेवला. आवाज आला तो कुठून आला ते पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. पंगतीत वाढणारा एक माणूस आमटीची बादली घेऊन थांबला. एका म्हातारीनं नातीला विचारलं, "कोण रडतंय गं?" अकॉर्डियनवाला या वेळी पेडलकडं बघतही नव्हता, आपल्या सुरात होता. दादा स्टेजकडं बघत नव्हता. तो माझ्याकडं बघत होता. मी लगेच मान डोलावली नाही. तिसरं गाणं होऊ दिलं, चौथं होऊ दिलं. मग त्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, "बराबर हाय. ठोका येत न्हाई. मिटताना खालच्या अंगाला वाईच घोगरा हाय." त्यानं डोळे मिटून घेतले आणि मान हलवली.

कार्यक्रम संपल्यावर डॅनियल उड्या मारतच खाली आला. दादाचे दोन्ही हात धरून म्हणाला, "संपतदादा, काय कान आहेत हो तुमचे!" आजूबाजूला नवऱ्या मुलाकडची, ऑर्केस्ट्राची, गावची माणसं उभी होती. त्या मलकापूरच्या मुलीचे वडीलही होते, फेटा बांधलेले. मी त्यांना ओळखत होते. दादानं माझ्याकडं पाहिलं. "काय म्हंतोय?"

मला क्षणभर वाटलं, आभार मानतोय म्हणून सांगावं. मी म्हणाले, "काय कान हायेत तुमचं, असं म्हंतोय."

दादानं हात सोडवून घेतले. आणि आपल्या त्या मोठ्या, खाली न येणाऱ्या आवाजात म्हणाला, "माझं कान गेल्यात. लढाईत गेले. वरचं मला काय बी ऐकू येत न्हाई. जोडलंय मी, पर कंडेन्सर हिनं निवडल्यात. माझी बहीण हाय ही, शालन. इचारायचं ते हिला इचारा."

फेटेवाले गृहस्थ जागचे हलले नाहीत, पण त्यांची नजर दुसरीकडं गेली, आणि थोड्या वेळानं ते स्वतःही गेले. डॅनियलनं दादाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तुम्ही निवडलेत?" त्यानं विचारलं. माझ्याशी 'तुम्ही' म्हणून बोलणारा तो पहिला परका माणूस. "मग एक सांगा. पाय मागं घेतला की खाली जरा घोगरा होतो, तो मलाच वाटतो की तुम्हालाही?" मी म्हणाले, "होतो. वाट देणारा एक कंडेन्सर बदलून बघायला लागंल." आम्ही बोलत राहिलो तोवर दादानं सगळ्या तारा गोळा करून गुंडाळल्या.

पुढं तीस वर्षं मी हेच काम करत आलेय, आधी दादाच्या टेबलावर आणि मग सांगलीत स्वतःच्या दुकानात. मलकापूरची सोयरीक मोडली; आठ दिवसांत तसा निरोप आला. दीड वर्षानं आमची वहिनी आली, ती सगळं आधी ऐकून, विचार करून आली. पण ते नंतर. त्या दिवशी आम्ही घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता, गिरणी अजून चालू होती. दादा परड्यात हातपाय धुवायला गेला आणि मी आईला चुलीपाशी बसून सगळं सांगितलं. "त्या लोकांच्या देखत बोलला?" तिनं विचारलं. मी 'व्हय' म्हणाले. तव्यावरची भाकरी करपायला लागली तेव्हा तिनं ती उलटली आणि ताटं मांडली. रोज दादाला जेवायला बोलवायचं तर ती परड्यात जाऊन त्याच्या खांद्याला हात लावी, शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाक ऐकू जाऊ नये म्हणून. त्या दिवशी ती उंबऱ्यात उभी राहिली, पदर खोचला आणि गिरणीच्या धपधपीवर चढेल एवढ्या मोठ्यानं ओरडली, "संपत! ये रं जेवायला!" गिरणीच्या दारातल्या बायका वळून बघायला लागल्या. दादानं तोंडावरचं पाणी निथळत मान वर केली.

"आलो," तोही तेवढ्याच मोठ्यानं म्हणाला.